दस्तखत न करणाऱ्या खिल्लारे मॅडम

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक सत्कार झाला. शाल, नारळ, पेढे, फोटोवाला, सगळं यथासांग. आमचे संचालक धनंजय साहेब त्यासाठी खास पुण्याहून आले होते. भाषणात म्हणाले, "परभणीत बसून आपण विमानं सुरक्षित ठेवतो, ही या मातीची ताकद आहे. वाटेत काही नकारात्मक माणसं भेटतात. ती आपोआप गळून जातात. काम तेवढं राहतं." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सत्कार माझाच होता, म्हणून हात जरा हळू चालले, एवढंच.

ती गळून गेलेली नकारात्मक माणसं म्हणजे एकच बाई. पूर्णेच्या खिल्लारे मॅडम. आणि त्या गळून गेल्या नाहीत, त्यांना काढलं. काढण्यात माझाही हात होता. त्या भाषणापासून माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा हे लिहिताना जीभ सैल सुटली तर सुटू दे. सभ्यपणाने गप्प बसून मी काय दिवे लावले, ते पुढे कळेलच.

आधी आमचं काम सांगतो. जिंतूर रोडवर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर आमचं ऑफिस. आठ माणसं. खालून ऑइलचा वास येतो आणि वर आम्ही विमानाच्या कॉकपिटमधला कॉम्प्युटर तपासतो. कुणाला खरं वाटत नाही. मी वालूरचा, आमच्या गावात अजून लोकांना वाटतं की मी विमानाची तिकिटं काढून देतो.

विमान उडण्याआधी खालच्या ऑफिसातून वैमानिकाला एक तक्ता जातो. आत किती माणसं बसली, सामान किती, इंधन किती, सगळं मिळून वजन किती. त्या वजनावरून वैमानिक ठरवतो की धावपट्टीवर किती वेग आला म्हणजे विमान उचलायचं. पूर्वी हा कागद माणूस हातात नेऊन द्यायचा आणि वैमानिक त्यावर सही करायचा. आता विमानतळावरचा कॉम्प्युटर तो थेट विमानातल्या कॉम्प्युटरला पाठवतो, कधी वायफायवरून, कधी मोबाइलच्या नेटवर्कवरून. हे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती जोडणी बेंगळुरूची एक कंपनी बनवत होती आणि ती नीट चालते का हे पाहायचं काम आमच्याकडे होतं. तपासून झाल्यावर अहवालावर तपासणी प्रमुखाची सही. ती सही झाल्याशिवाय माल विमानात चढत नसे. तपासणी प्रमुख खिल्लारे मॅडम.

ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चष्मा नाकावर इतका खाली की आपल्याकडे बघताना त्या नेहमी त्याच्यावरून बघायच्या. त्यांच्या समोर 'बहुतेक' हा शब्द काढायची सोय नव्हती. "बहुतेक चालतंय मॅडम," असं कुणी म्हणालं की पेन खाली ठेवायच्या. "बहुतेक म्हंजे किती रे? बहुतेक इमान वर गेलं, असं म्हनतेत का?" बेंगळुरूच्या फोनवर अगदी शुद्ध इंग्रजी बोलायच्या, फोन खाली ठेवला की पूर्णेची बोली सुरू.

दुसरा नावडता शब्द 'सांगितलं'. माझा पहिलाच दिवस होता. चाचणीच्या मध्येच वीज गेली आणि खालच्या दुकानाचा जनरेटर असा काही थरथरायला लागला की टेबलावरचे पेले वाजू लागले. मॅडमनी मला खाली पाठवलं, दुकानदाराला अर्धा तास जनरेटर बंद ठेवायला सांग म्हणून. मी गेलो, सांगितलं, वर आलो.

"सांगितलंस का?"

"हो मॅडम, सांगितलं."

"मंग त्यो काय म्हनला?"

तो काही म्हणालाच नव्हता. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता आणि मी त्याच्या पाठीला सांगून आलो होतो.

"मंग तू भिताडाला सांगून आलास," मॅडम म्हणाल्या. "जा परत. त्याच्या तोंडून वदवून घे, किती वाजेपस्तोर बंद ठिवतो ते. त्यो बोलला की तवा काम झालं. तू बोललास म्हनून न्हाई."

मला तेव्हा राग आला होता. इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला दोनदा जिना उतरायला लावते, कोण समजते ही बाई स्वतःला, असं मनात आलं. कोण समजते, या वाक्यात बरंच काही असतं आमच्याकडे, ते मी पुढे ओळखायला शिकलो. तेव्हा ओळखलं नाही, असं म्हणणं मात्र खोटं होईल.

ही परत वदवून घ्यायची खोड त्यांच्या घरातली. वडील रेल्वेत गेटमन होते, पूर्णेच्या अलीकडच्या एका फाटकावर. गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर फाटकावर फोन करतो. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो आणि मग आपल्याजवळच्या छापील यादीतला एक आकडा मास्तरला सांगतो. प्रायव्हेट नंबर म्हणतात त्याला. एक आकडा एकदाच, वापरला की खोडायचा. तो आकडा मास्तरच्या वहीत चढला तरच सिग्नल पडतो. म्हणजे नुसतं 'हो लावलं' म्हणून चालत नाही. फाटकाशी एक जिता माणूस उभा आहे आणि त्याने आपल्या हाताने फाटक लावलं आहे, त्याची ती खूण.

वडिलांची एक गोष्ट मॅडमनी मला एकदाच सांगितली, तीही डबा खाताना, ठेच्याकडे बघत. एकदा फाटकात उसाची बैलगाडी अडकली. जूच मोडलं. मास्तर फोनवर ओरडायला लागला, गाडी मागे खोळंबलीय, तू नंबर दे आधी, फाटक मग लाव. वडील म्हणाले, फाटक लागलं की देतो. मास्तरने जात काढली. आईबहीण काढली. वडील फोन कानाला धरून तसेच उभे, आणि दुसऱ्या हाताने गाडीवानाला खुणा करतायत की ढकल, ढकल. गाडी सिग्नलला उभी राहिली. वडिलांना चार्जशीट मिळाली. माफीचा कागद लिहून दे म्हणाले, त्यांनी दिला नाही.

"आमच्या बापानं फाटक लावल्याबिगर नंबर दिला न्हाई कदी," मॅडम म्हणाल्या. "अन् ह्या येड्याकडं बघ." येडं म्हणजे टेबलावरचा यंत्राचा डबा, विमानातल्या कॉम्प्युटरचा आमच्याकडे असलेला जुळा भाऊ. "ह्याला कागद आला की ह्ये सोताच म्हनतंय, पोचला. मानसानं बघितला का न्हाई, ह्याला काय घेनं न्हाई."

माझ्या लग्नातही हा कारभार झाला. वालूरला हळदीच्या दिवशी सकाळीच येऊन बसल्या. माझे चुलते आचाऱ्याला सगळं सांगून निवांत तंबाखू मळत होते. मॅडमनी त्या आचाऱ्याला बोलावलं आणि म्हणाल्या, दादा, कवा कवा काय काय करनार, तेवढं म्हना बरं एकदा. आचारी म्हणून दाखवायला लागला तेव्हा कळलं की लग्नाच्या सकाळचा नाष्टा त्याच्या हिशेबातच नव्हता. चुलते अजूनही त्यांची आठवण काढतात. पण त्या दिवशी जेवायला बसताना त्यांनीच मॅडमचं ताट पंगतीच्या टोकाला, जरा अंतर सोडून मांडायला लावलं होतं. मॅडमनी ते पाहिलं, ताट स्वतःच्या हाताने उचललं आणि माझ्या बहिणीशेजारी येऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. माझ्या न बोलण्याची यादी इथून धरायला हरकत नाही.

मॅडम रोज पूर्णेहून सकाळच्या पॅसेंजरने परभणीला यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्यांनी एक दिवस तो डबाच पिशवीत घातला, बॅटरी जोडली आणि मला म्हणाल्या, चल माझ्यासंगं पूर्णेपस्तोर. तुझ्या बायकोला फोन कर.

बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत नेटवर्क कधी जात नाही. तिथं ते मुद्दाम बंद करावं लागतं, आणि मुद्दाम बंद केलेलं नेटवर्क शहाण्या मुलासारखं एकदम बंद होतं, एकदम सुरू होतं. खरं नेटवर्क असं वागत नाही. ते अर्धं जातं, पुन्हा येतं, एका टॉवरवरून दुसऱ्याकडे जाताना मध्येच कुठेतरी लोंबकळतं. पिंगळी आणि मिरखेलच्या मध्ये तर त्याचा अगदी जीव जातो. मॅडमना हे रोजच्या प्रवासात माहीत झालेलं. परभणीच्या रडक्या नेटवर्कला शिव्या न देणारी ही एकच बाई मी पाहिली. "ह्ये तर आपलं हत्यार हाय," म्हणायच्या.

तर आम्ही खिडकीशी बसलो. डबा त्यांच्या मांडीवर, माझ्या मांडीवर लॅपटॉप, परभणीच्या ऑफिसातून एक मुलगी तक्ते पाठवतेय. समोर एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन बसली होती. तिने बराच वेळ पाहिलं.

"काय गं बाय ह्ये?"

"इमानातलं हाय मावशी."

"मंग रेल्वेत काय करायलंय?"

"पडायला शिकवायलेय त्येला. हितं पडलं म्हंजे वर पडनार न्हाई."

म्हातारीला ते पटलं. डब्याभोवती गर्दी होऊ लागली तेव्हा तिनेच सगळ्यांना हाकललं.

मिरखेलच्या अलीकडे ते सापडलं. ऑफिसातल्या मुलीने एक तक्ता पाठवला होता, मग ठरल्याप्रमाणे वजन वाढवून दुरुस्त केलेला दुसरा. नेटवर्क लोंबकळलं. दुरुस्त तक्ता वाटेत अडकला आणि जोडणीने जुनाच तक्ता पुन्हा ढकलला. डब्याने इमानदारीत पावती दिली, पोचला. इकडे ऑफिसातल्या पडद्यावर दुरुस्त तक्त्यासमोर हिरवी खूण आली. पावती कुठल्या कागदाची, हे त्या पावतीवर लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे खालची माणसं समजणार की वैमानिकाला वाढीव वजन कळलंय, आणि वैमानिकापुढे कमी वजनाचा जुना तक्ता. दोघंही निर्धास्त.

मॅडमनी लगेच पुन्हा करायला लावलं. परतीच्या गाडीत पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर आम्ही त्या पट्ट्यात येरझाऱ्या घातल्या. दर वेळी नाही, पण पुन्हापुन्हा ते होत होतं.

मॅडमनी अहवाल लिहिला, 'नापास'. सोबत उपायही लिहिला, एक पान. वैमानिकाने स्वतः बटण दाबायचं आणि पडद्यावर दिसणारं वजन खाली परत पाठवायचं. खालच्या कॉम्प्युटरने ते आपल्या वजनाशी ताडून बघायचं, आणि जुळलं तरच हिरवी खूण. फाटक लावल्यावरच नंबर.

बेंगळुरूहून जे उत्तर आलं ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. तो मॅनेजर फोनवर हसला. म्हणाला, मॅडम, विमान मिरखेलला उतरत नाही. मोठ्या विमानतळावर असं नेटवर्क नसतं, तुमच्या गावाकडचा दोष आमच्या मालाला लावू नका. आणि वैमानिकाला बटण दाबायला लावलं तर वेळ जातो. वेळ वाचावा म्हणूनच तर विमान कंपनीने हे घेतलंय.

मग धनंजय साहेब आले. आम्हा आठही जणांना बसवलं. मला वाटलं होतं, हा मूळचा आपल्या परभणीचा माणूस, हा तरी समजून घेईल. ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर बेंगळुरूवाले काम काढून घेतील आणि हे ऑफिस बंद होईल. मॅडमकडे पाहून गोड आवाजात म्हणाले, "खिल्लारे मॅडम, एका सहीचा प्रश्न आहे. आठ घरं आहेत."

"इमानात किती घरं बसतेत साहेब?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही भावनिक होताय."

"मी आठ दिवस मोजलंय. भावना न्हाईत त्या, नोंदी हायेत. तुमी वाचल्या का?"

साहेबांनी वाचल्या नव्हत्या. माणूस उघडा पडला की काय करतो, ते त्यांनी केलं. खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "तुमच्या लोकांचा हाच प्रॉब्लेम आहे. जिथं तिथं खोट दिसते. संधी दिली तरी समाधान नाही."

मॅडम सोडून आम्ही सात जण खोलीत होतो. मॅडमनी चष्मा वर सरकवला, आणि पहिल्यांदाच त्या काचेतून आमच्याकडे, एकेकाकडे बघत गेल्या. माझ्यापाशी जरा थांबल्या असाव्यात, मला माहीत नाही, मी टेबलाकडे बघत होतो. टेबलावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"मी दस्तखत करनार न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमच्यात दम असंल तर तुमी करा. नाव तुमचं लावा."

साहेब कशाला करतील? मोठ्या माणसांच्या सह्या पगारपत्रकावर असतात, असल्या कागदावर नसतात. शुक्रवारी सकाळी मॅडमना ई-मेल आला, तुमच्या सेवेची आता गरज नाही. दुपारी मला केबिनमध्ये बोलावून साहेब म्हणाले, "गजानन, तू आता तपासणी प्रमुख. आपल्यातला माणूस आहेस." अहवाल समोर होता. 'नापास'च्या जागी 'पास', मॅडमच्या नावाच्या जागी माझं नाव. आठ घरं, नवीन लग्न, आई, आणि साहेबांनी पुढे केलेलं पेन. मी सही केली. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. त्यांनी आठ दिवस रेल्वेत डबा मांडीवर घेऊन जे धरलं होतं, ते मी चहा गार व्हायच्या आत सोडलं.

मॅडम तेव्हा बाहेर आपलं टेबल आवरत होत्या. लाल पेनं, जेवणाचा डबा, वडिलांचा एक फोटो. मी बाहेर आलो. त्यांनी फक्त विचारलं, "वाचून केलंस का?" मी हो म्हणालो. "मंग लयच वाईट," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

पुढचं वर्षभर माल विमानांत चालला. पहिल्या कंपनीने घेतला, तिचं पाहून आणखी दोन कंपन्यांनी. आणि मग या उन्हाळ्यात एका मोठ्या विमानतळावर, जिथं नेटवर्क कधी जात नाही म्हणे तिथं, ते झालं. एक विमान रद्द झालं, त्यातले लोक ऐनवेळी दुसऱ्यात बसवले. वाढीव वजनाचा तक्ता वाटेत अडकला, जुना पुन्हा गेला, खाली हिरवी खूण आली. विमान धावपट्टीच्या तोंडाशी पोचलं होतं. आतल्या हवाई सुंदरीने डोकी मोजून आकडा तोंडी सांगितला होता, तो पडद्यावरच्या आकड्याशी जुळेना म्हणून सहवैमानिकाने थांबवलं. विमान मागे आणलं. कुणाला खरचटलंही नाही. माणसाने माणसाला तोंडाने सांगितलं म्हणून.

आता धावपळ सुरू झाली. बेंगळुरूला उपाय हवा होता, आजच्या आज. साहेबांचा मला फोन. "ते पान आहे ना रे, आपल्याकडचं?" आपल्याकडचं! मॅडमचं ते एक पान फोल्डरमध्ये तसंच होतं. साहेब म्हणाले, नवीन तारीख टाक, तुझं नाव टाक, पाठव. मी टाकलं. पाठवलं. हे मी कुणाच्या धाकाने केलं असं म्हणायलाही जागा नाही. एव्हाना सवय झाली होती. मॅडमचं बटण, मॅडमचं ताडून बघणं, जसंच्या तसं त्या पहिल्या कंपनीच्या विमानांत बसलं. बेंगळुरूच्या कंपनीने लिहून दिलं की हा दोष आधी कुणालाच माहीत नव्हता आणि कळताच तत्परतेने दूर केला. त्या तत्परतेबद्दल माझा सत्कार. शाल, नारळ, पेढे.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढली आणि पूर्णा गाठली. मॅडम आता तिथं एका खासगी आयटीआयमध्ये शिकवतात. दुपारची सुट्टी होती. वर्गात एकट्याच बसून उघड्या पडलेल्या मिक्सरच्या मोटारी तपासत होत्या. केस बरेच पिकलेत. मी शाल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सही, पान, सत्कार, भाषण. मध्ये एकदा रडायला आलं, ते मी आवरलं नाही. मॅडम, माझं चुकलं, हे श्रेय तुमचं आहे, असं बरंच काही बोललो. येताना रस्त्याने पाठ केलं होतं.

मॅडमनी ऐकून घेतलं. शालीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाकीच्या दोन कंपन्यांला दिला का उपाय?"

"नाही."

"का?"

"त्यांना दिला तर सांगावं लागेल, का देतोय. म्हणजे दोष होता हे कबूल करावं लागेल. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षीच्या नव्या मालात घालू."

"म्हंजे ती इमानं आज उडायलीत. तशीच."

"हो."

एवढ्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. हातातली मोटार त्यांनी टेबलावर अशी आदळली की शेजारच्या वर्गातला शिपाई दारात आला. "अन् तू माझ्याकडं श्रेय घिऊन आलास? मला शाल घालायलास? आरं, मानसं बसायलीत त्यात! आज! आत्ता! तू हितं रडत बसलास अन् तिकडं कुनीतरी आपलं लेकरू घिऊन खिडकीशी बसलंय! लाज वाटत न्हाई?"

वाटत होती. पण ती स्वतःपुरतीच वाटत होती, हे मला त्या क्षणी कळलं.

त्यांनी फळीवरून फुलस्केपचे कागद काढले, माझ्यापुढे ठेवले. दिल्लीच्या विमान सुरक्षेच्या सरकारी कार्यालयाला लिही म्हणाल्या. दोष कधी सापडला, कुणाला कळवला, कोण काय म्हणालं, सही कुणी केली. मी लिहीत गेलो. त्या सांगत नव्हत्या. नुसत्या समोर उभ्या होत्या. पहिल्या पानावर मी 'अहवाल बदलण्यात आला' असं लिहिलं, तेव्हा बोट ठेवून म्हणाल्या, "आला न्हाई. कुनी बदलला?" मी खोडून लिहिलं, धनंजय साहेबांनी बदलला आणि मी वाचून सही केली.

मग लिहिता लिहिता ते परत फिरलेलं विमान आलं. तारीख, विमानतळ, उड्डाणाचा क्रमांक, सगळं मला पाठ होतं.

"मानसं किती व्हती?" मॅडमनी विचारलं.

मला आठवेना. मग लक्षात आलं की आठवायला ते कधी माहीतच नव्हतं. घटनेच्या दिवसापासून सत्कारापर्यंत बेंगळुरूशी माझे पन्नास फोन झाले असतील. उपाय कधी मिळेल, कोण पाठवेल, कुणाच्या नावाने, सगळ्याची चर्चा झाली.

"माहीत नाही, मॅडम."

"इचारलं न्हाईस?"

"नाही."

"मंग तसं लिही."

"काय लिहू?"

"की मी इचारलं न्हाई."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या, आता ओरडत नव्हत्या. मी लिहिलं, 'त्या विमानात किती माणसं होती, हे मी विचारलं नाही.' साधं एका ओळीचं वाक्य, पण सगळ्या कागदात मला तेच लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"दस्तखत कर," मॅडम म्हणाल्या.

मी केली. त्यांनी ओळ न् ओळ वाचली, तारीख तपासली, पाकिटात घालून डिंक लावला. माफ केलं, नाही केलं, काही बोलल्या नाहीत. पोस्टाची खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ होता. मी किल्ली काढून म्हणालो, मॅडम, गाडीवर सोडतो.

"नगं. तुझ्या गाडीवर मी दिसले तर म्हनतील, तिनंच लिहून घेतलं. कागदाला बट्टा लागंल."

शाल टेबलावर तशीच होती. त्यांनी पाकीट छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने डोक्यावर पदर घेतला आणि उन्हात बाहेर पडल्या. पाय दुखत असावा, डावीकडे जरा झुकून चालत होत्या, पण भराभर. मी गाडी चालू न करता कोपऱ्यापर्यंत त्यांना जाताना पाहिलं. मागे त्यांनी वळून बघितलं नाही. पोस्ट पुढे होतं.